पुरतंय ना?

"अंगावरचं पुरतंय ना गं?" बाळंतिणीला हा प्रश्न बहुधा पहिल्याच दिवशी ऐकू येतो. विचारणारीच्या मनात मायाच असते. तिनं डब्यातून अळिवाची खीर आणलेली असते, बाळाच्या मुठीत नोट सरकवलेली असते, नाक आईचं की बापाचं यावर बोलून झालेलं असतं, आणि निघता निघता दाराशी ती एवढं विचारते. ती जाते, प्रश्न मागे राहतो. पुढे बाळ रडलं की पुरत नसेल. फार झोपलं तर पुरत नसल्यामुळे ग्लानी आली असेल. दर तासाला प्यायला मागतंय, म्हणजे तर पुरत नाहीच.

माझी सगळी नोकरी महापालिकेच्या रुग्णालयात, बाळंतिणींच्या वॉर्डात झाली. निवृत्त झाले तरी प्रश्न यायचे थांबले नाहीत. आता ते फोनवर येतात. भाचीचे, सोसायटीतल्या मुलींचे, त्यांच्या मैत्रिणींचे, आणि अलीकडे बाबांचेही. बाबांचे फोन रात्री उशिरा येतात आणि आवाज दबका असतो, कारण आतल्या खोलीत बाळ नुकतंच झोपलेलं असतं. "काकू, झोपेत त्याचा श्वास मध्येच थांबतोय असं वाटतं." "काकू, उचकी थांबतच नाहीये." "हातपाय गार लागतायत, पोट मात्र गरम आहे, काय करू?" मला हे प्रश्न कधी क्षुल्लक वाटले नाहीत. ज्याला बोलता येत नाही, मान धरता येत नाही, असा जीव आपण दोन माणसांच्या हाती सोपवतो आणि त्यांना घरी पाठवून देतो. त्यांनी घाबरू नये तर काय करावं?

आमच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर नव्या मुलींना पहिली शिकवण हीच द्यायच्या. आईला 'काही होत नाही' म्हणून गप्प करायचं नाही, काय बघायचं ते तिला दाखवायचं. घाबरलेल्या माणसाच्या डोळ्यांना खूण हवी असते आणि हाताला काम हवं असतं. त्यांचं म्हणणं मी धरून राहिले. फोनवरच्या बाबांनाही मी तेच सांगते: दिवा लावा, बाळाचे ओठ बघा, गुलाबी आहेत ना? आता छातीकडे बघत राहा. नवजात बाळ झोपेत एका लयीत श्वास घेत नाही. भरभर घेतं, मग हळू, मग पाच-सात सेकंद थांबून पुन्हा सुरू करतं. ते निळं पडत नसेल, श्वास आपणहून परत सुरू होत असेल, तर ती त्या वयाची रीतच आहे. उचकी आपली आपण थांबते. हातपाय गार आणि पोट ऊबदार असेल तर टोपडं-मोजे घाला, एक दुपटं वाढवा. पोटही गार लागलं तर मात्र कपडे काढून आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून पांघरूण घ्या आणि डॉक्टरांकडे निघा. फोनच्या पलीकडे एक माणूस बाळाच्या पोटावर हात ठेवून उभा आहे हे मला इकडे कळतं. हात ठेवला की आवाज बदलतो.

दुधाच्या प्रश्नाला तर इतक्या खुणा आहेत, आणि इतक्या थोड्या आयांना त्या कुणी सांगितलेल्या असतात, की मला दर वेळी हळहळ वाटते. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. घट्ट, पिवळसर, आणि वाटीत काढला तर तळ झाकेल न झाकेल इतका. एवढ्यावर बाळ राहील यावर घरात कुणाचाच विश्वास बसत नाही. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण शेजारीपाजारी कौतुकानं वाटतो, पण बाईचा चीक मात्र पिढ्यानपिढ्या 'जुनं दूध' म्हणून पिळून टाकला गेला आणि बाळाच्या ओठांना मधाचं बोट लावलं गेलं. आजही मधाची बाटली पिशवीतून निघते. मधात एका जंतूची सुप्त बीजं असू शकतात. मोठ्यांना ती पचून जातात, बाळाच्या आतड्यात मात्र ती रुजून विष तयार करतात आणि स्नायू लुळे पडतात. म्हणून वर्षाचं होईपर्यंत मध नाही. चिकात बाळाला रोगांपासून राखणारी द्रव्यं ठासून भरलेली असतात, आणि पहिल्या दिवसाच्या त्या इवल्या पोटाला तेवढाच घोट पुरतो.

त्यातच बाळाचं वजन घटतं. तीन किलोचं बाळ घरी जाताना पावणेतीनवर आलेलं असतं आणि कार्डावरचे ते दोन आकडे वाचून बापाचा चेहरा उतरतो. पहिल्या काही दिवसांत जन्मवजनाच्या ७ टक्क्यांपर्यंत, क्वचित १० टक्क्यांपर्यंत घट होणं हे ठरलेलंच असतं. दहा ते चौदा दिवसांत बाळ जन्मवजनावर परत येतं. १० टक्क्यांहून जास्त घटलं तर दाखवायचं. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा वेळा शू होते का आणि ती फिकी आहे का ते बघायचं. पहिली काळी चिकट शी जाऊन पिवळी, सैल होऊ लागली का ते बघायचं. एवढं होत असेल तर पुरतंय.

आणि पाजताना बघायचं. पहिल्यांदा पाजणारी आई बाळाच्या तोंडात फक्त बोंडी देते, बाळ ती चोखतं, बोंडीला चिरा पडतात, पाजणं म्हणजे यातना होते, आणि दूध तर येतच नाही. आम्ही काय करायचो, आईच्या पाठीशी उशी द्यायचो, बाळाला आडवं तिच्या पोटाशी पोट लावून धरायला सांगायचो आणि वाट बघायचो. बाळाच्या वरच्या ओठाला बोंडीचा स्पर्श झाला की ते तोंड मोठं उघडतं. तो क्षण पकडून त्याला जवळ घ्यायचं. नीट लागलं की खालचा ओठ बाहेर वळतो, हनुवटी छातीत रुतते, बोंडीभोवतीचा काळसर भाग वरच्या बाजूला दिसतो, खाली जवळजवळ दिसत नाही. मग कान द्यायचा. आधी भरभर चोखण्याचा आवाज. मग लय संथ होते, हनुवटी एकदा खोल खाली जाते, आणि 'ग्लक' असा घोट ऐकू येतो. वॉर्डात दुपारी पंख्याचा तेवढा आवाज असताना तो घोट ऐकून कितीतरी आयांच्या चेहऱ्यावर जे उमटलेलं मी पाहिलं आहे, त्यासाठी मी ही नोकरी पुन्हा करीन.

अडचण आली की पावडरीचा डबा हाताशी असतोच. १९९२ साली आपल्याकडे कायदा झाला, २००३ साली तो आणखी कडक झाला, आणि बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात करणं, आयांना फुकट नमुने वाटणं, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र छापणं यावर बंदी आली. तो कायदा आयांच्या मनातल्या त्या 'पुरतंय ना'चा कुणी फायदा घेऊ नये म्हणूनच झाला असं मी मानते. पण एक गोष्ट मला तितक्याच ठामपणे सांगायची आहे. काही आयांना खरोखरच दूध कमी येतं, काहींची प्रकृती साथ देत नाही, काहींची बाळं काचेच्या पेटीत असतात. अशा आईला वरचं दूध द्यावं लागलं तर तिच्याकडे कुणी अपराधी म्हणून बघू नये. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. अपुऱ्या दिवसांच्या, आईचं दूध न मिळणाऱ्या बाळांना दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध तपासून, तापवून, गोठवून पुरवायचं. मुंबईतल्या गर्दीच्या सार्वजनिक रुग्णालयात एका बाईचा पान्हा अनोळखी बाईच्या बाळापर्यंत पोचू लागला, तोही नोंद ठेवून, शिस्तीनं. मला ही आपल्या राज्यातली फार मोठी गोष्ट वाटते, आणि तिचं नाव घरोघरी ठाऊक असावं असं वाटतं.

हिरकणीची कथा आपण धाडसाची म्हणून सांगतो. रायगडाचे दरवाजे बंद झाले आणि ती रात्री कडा उतरून गेली. ज्यांनी पाजलं आहे त्यांना त्या कथेत आणखी काही दिसतं: भरून आलेली छाती, भिजलेली चोळी, आणि घरी तान्हं रडत असेल ही एकच गोष्ट डोक्यात. एसटीच्या स्थानकांवर आयांना पाजण्यासाठी केलेल्या खोल्यांना 'हिरकणी कक्ष' हे नाव दिलं, ते फार योग्य दिलं. त्या खोल्या नेहमी उघड्या आणि स्वच्छ असाव्यात, एवढंच.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी काविळीचा विषय निघतो. या शब्दानंच घर हादरतं, कारण मोठ्या माणसाची कावीळ आपण पाहिलेली असते, ते पथ्य आणि तो झाडपाला. बाळाची कावीळ निराळी. पोटात असताना लागणाऱ्या जादा तांबड्या पेशी जन्मल्यावर मोडतात, त्यातून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य सुटतं आणि कोवळ्या यकृताला ते झपाट्यानं बाहेर टाकता येत नाही. निम्म्याहून अधिक बाळं थोडीफार पिवळी होतात आणि बहुतेकांची कावीळ दोन आठवड्यांत ओसरते. पण जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत दिसली, किंवा तळहात-तळपायांपर्यंत उतरली, तर तातडीनं तपासावी लागते. बिलिरुबिन फार चढलं तर मेंदूला कायमची इजा होते. बघायचं ते ट्यूबलाइटखाली नाही, खिडकीशी, दिवसाच्या उजेडात. कपाळावर बोट हलकेच दाबून उचलायचं. कातडी क्षणभर रंग सोडते, त्या क्षणात खाली पिवळं दिसतं का ते पाहायचं. मग छाती, मग पोट, मग मांड्या, मग तळवे. पिवळेपणा डोक्याकडून पायांकडे उतरत जातो, म्हणून तो कुठवर आलाय हे फार महत्त्वाचं.

माझ्या व्यवसायातली मला सर्वांत प्रिय हकिकत याच काविळीची आहे. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात रॉचफर्ड जनरल हॉस्पिटल होतं. तिथल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागात सिस्टर जीन वॉर्ड होत्या. बाळांना मोकळी हवा आणि ऊन लागावं म्हणून त्या त्यांना अंगणात न्यायच्या. १९५६ साली, उन्हाळ्याच्या दिवसांत, त्यांनी एका बाळाला उघडं करून डॉक्टरांना दाखवलं. अंगाचा पिवळेपणा उतरला होता. एक तिकोनी पट्टा तेवढा गडद पिवळा राहिला होता. डॉक्टरांना आधी वाटलं, तिथं काही औषध फासलंय. सिस्टरांनी दाखवून दिलं की चादरीचं टोक ज्या जागी पडलं होतं तेवढीच जागा पिवळी राहिली आहे, बाकीच्या अंगाला ऊन लागलं. पुढे उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नळीतलं बिलिरुबिनही कमी भरलं, मग दिव्याखाली प्रयोग झाले, आणि १९५८ साली तिथल्याच डॉक्टर क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलं. आज तालुक्याच्या रुग्णालयातही निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी बांधलेलं बाळ झोपलेलं दिसतं, ते त्या तिकोनी पट्ट्यामुळे. एका परिचारिकेनं रोज पुसायचं-गुंडाळायचं अंग नीट बघितलं, आणि बघितलेलं बोलून दाखवलं. घरच्या कोवळ्या उन्हावर मात्र विसंबू नये. खिडकीतल्या उन्हाचं माप कुणी घेत नाही, दिव्याचं घेता येतं.

रडण्याला मात्र अशी ठळक खूण सापडत नाही, म्हणून ते माणसाला सगळ्यात जास्त दमवतं. तिन्हीसांज होते, दिवे लागतात, आणि दिवसभर शहाण्यासारखं असलेलं बाळ किरकिरायला लागतं. बघता बघता किरकिरीचं रडं होतं. पाय पोटाशी घेतं, मुठी आवळतं, लालबुंद होतं. पाजून झालं, ढेकर काढून झाली, लंगोट बदलला, बेंबीभोवती हिंग लावला, मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. आजी म्हणते दृष्ट लागली, शेजारीण म्हणते आईनं वांगं खाल्लं असेल, बाबांना वाटतं गॅस झालाय. आई काहीच म्हणत नाही, ती मनात स्वतःला दोष देत असते.

त्या आईला मी ब्रेझल्टन यांची गोष्ट सांगते. अमेरिकेतले हे बालरोगतज्ज्ञ. १९६२ साली त्यांनी ८० निरोगी बाळांच्या आयांनी ठेवलेल्या रोजनिश्या प्रसिद्ध केल्या. कधी रडलं, किती वेळ रडलं, एवढंच आयांनी लिहायचं होतं. ती सगळी पानं एकत्र मांडली तेव्हा दिसलं की रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमाराला दिवसाकाठी पावणेतीन तासांच्या घरात पोचतं, बहुतेक संध्याकाळी, आणि मग बाराव्या आठवड्यापर्यंत उतरत येतं. निरोगी बाळं, पोटभर दूध पिणारी, मायेनं वाढवलेली, तीही रडली. "म्हणजे माझं काही चुकत नाहीये?" असं एक मुलगी मला विचारत राहिली आणि मी प्रत्येक वेळी नाही म्हटलं, कारण प्रत्येक वेळी ते तिला नव्यानं ऐकायचं होतं.

या रडण्यावर दीडशे वर्षांहून जास्त काळ ग्राइप वॉटर पाजलं जातंय. १८५१ साली नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी ते बनवलं. त्यात शेपूचा अर्क, सोडा, साखर होती आणि मद्यार्कही होता. मद्यार्क पुढे काढून टाकला गेला. पण सहा महिन्यांपर्यंत अंगावरच्या दुधाखेरीज बाळाला पाणीसुद्धा लागत नाही, मग तो चमचा कशाला? उचलून घ्या, खांद्यावर टाका, दिवा मंद करा, फेऱ्या मारा. बाबांची छाती रुंद असते आणि त्यांचा आवाज खोल असतो, पुष्कळ बाळं तिथं शांत होतात. आणि एक गोष्ट मी प्रत्येक घरी बजावून सांगते. रडं सहन होईनासं झालं, डोकं फिरायला लागलं, तर बाळाला पाठीवर उताणं सुरक्षित जागी ठेवा आणि पाच मिनिटं बाहेर जाऊन पाणी प्या. त्या पाच मिनिटांत रडण्यानं त्याला काही होणार नाही. रागाच्या भरात गदागदा हलवलं, तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

जुन्या रीतींविषयी मला नेहमी विचारतात, सिस्टर म्हणून तुम्ही त्याच्या विरोधातच असाल ना? मी तशी नाही. आमच्या वस्तीत न्हाऊ घालणाऱ्या एक मावशी होत्या. मोरीत पाटावर बसायच्या, लुगडं गुडघ्यापर्यंत सारून पाय लांब करायच्या आणि दोन पायांच्या मधल्या खोबणीत बाळाला उताणं निजवायच्या. कोमट तेल आधी स्वतःच्या तळहातावर चोळून बघायच्या. मग खांद्यापासून बोटांपर्यंत, मांडीपासून टाचेपर्यंत हात फिरायचा, प्रत्येक सांधा एकदा हलकेच उघडायचा आणि मिटायचा. एका बाळाच्या जांघेतला फुगवटा त्यांनीच पहिल्यांदा पाहिला. रडताना येतो आणि झोपेत जातो हेही त्यांनीच सांगितलं. तो हर्निया निघाला, वेळेवर शस्त्रक्रिया झाली. रोज सकाळी एक जाणता हात सबंध बाळावरून फिरतो, ही सोय मोडावी असं मला का वाटेल?

पण त्याच मावशींशी मी वादही घातला. नाकाकानात तेल सोडायचं नाही. नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं. जन्मलेल्या बाळाची छाती कधी कधी सुजते, मुलाचीही, त्यातून दुधासारखा थेंबही येतो. ती आईच्या रक्तातून आलेल्या संप्रेरकांची करणी, काही आठवड्यांत आपोआप जाते. ती पिळली की गळू होतं. मुलीच्या लंगोटाला चौथ्या-पाचव्या दिवशी रक्ताचा डाग दिसतो, तोही त्यामुळेच, आणि आजीच्या छातीत धस्स होतं. बेंबीच्या नाळेला काही लावायचं नाही, हळद नाही, राख नाही, तेल नाही. कोरडी ठेवली की एक-दोन आठवड्यांत गळून पडते. धुरी बाळाच्या छातीला सोसत नाही. काजळात शिसं असू शकतं म्हणून डोळ्यात घालायचं नाही. तीट हवीच असेल तर पायाच्या तळव्याला लावा, दृष्ट काढणारीचं मन राहतं. मावशींनी बाकी सगळं मानलं, धुरीवर मात्र शेवटपर्यंत अडून राहिल्या. त्यांच्याशी माझं कधी बिनसलं नाही.

बघायला शिकवण्याचं सर्वांत मोठं काम आपल्याकडे गडचिरोलीत झालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं. तिथल्या खेड्यांत रुग्णालय दूर, बाळंतपणं घरात, आणि बाळं दगावण्याचं प्रमाण भयंकर. न्यूमोनिया ओळखायचा तर श्वास मोजायला हवेत, आणि गावच्या दायांना तर बारापलीकडे मोजता येत नव्हतं. तेव्हा त्यांच्यासाठी एक साधन तयार केलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी. दहा श्वास झाले की एक मणी. वाळू संपायच्या आत ठरलेल्या मण्यापर्यंत पोचलं की आजार. मला त्यात फार मोठा आदर दिसतो. 'तुला मोजता येत नाही' असं कुणी त्या बाईला म्हटलं नाही. तिच्या हाताला जमेल असं मोजमाप तिच्या हातात दिलं. १९९५पासून ३९ गावांत आरोग्यदूत म्हणून निवडलेल्या गावातल्याच बाया घरी जाऊन बाळाला झोळीच्या काट्यावर तोलू लागल्या, अंगाचा ताप बघू लागल्या, श्वास मोजू लागल्या, आईला पाजायला शिकवू लागल्या, आणि जंतुसंसर्ग ओळखून स्वतः इंजेक्शन देऊ लागल्या. तीन वर्षांत तिथले नवजात मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे 'लॅन्सेट'नं छापलं, आणि याच धर्तीवर २०११पासून देशभर आशाताई ठरलेल्या दिवशी घरी जातात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही.

शहरातल्या मोठाल्या इमारतींत आशाताईंची घंटी सहसा वाजत नाही. तिथं आईच्या हातात फोन असतो, त्यात हजार उत्तरं असतात, आणि त्यातल्या एकानंही तिचं बाळ पाहिलेलं नसतं. तिची आई परगावी, सासू परदेशी, नवऱ्याची रजा संपत आलेली. ज्या रात्री ती हिरव्या शीचा फोटो काढून अनोळखी माणसांना पाठवते, त्या रात्री तिला आधार हवा असतो तो दारात चप्पल काढून आत येणाऱ्या, हात धुऊन बाळाला मांडीवर घेणाऱ्या माणसाचा. माझी तर इच्छा आहे की महापालिकांनी हे काम आपलं मानावं, वस्ती कुठली आणि इमारत कुठली हे न बघता प्रत्येक बाळाच्या घरी सातव्या दिवसाच्या आत कुणीतरी जावं. तोवर निदान शेजारणींनी जावं. जाताना खिरीचा डबा न्यावा आणि दूध पुरतं का हे न विचारता "तू जेवलीस का?" एवढं विचारावं.

कारण घरात आलेला प्रत्येक जण पाळण्याकडे जातो. आई कशी आहे हे बघायला कुणी उरत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेक आयांना कारण नसताना रडू येतं, दोन आठवड्यांत ते निवळतं. निवळलं नाही, बाळ झोपलं तरी तिला झोप लागेना, जेवण जाईना, 'माझ्यापेक्षा कुणीही याला बरं सांभाळेल' असं ती म्हणू लागली, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. "आमच्या वेळी नव्हती असली थेरं" हे वाक्य अशा घरात मी ऐकलं आहे आणि त्यावर आवाज चढवून बोलले आहे. त्या वेळीही होतं. डिंकाचे लाडू देताना तिच्या डोळ्यांकडे कुणी पाहिलं नव्हतं.

काही खुणा मात्र अशा की त्या दिसल्यावर फोनसुद्धा करायचा नाही, थेट निघायचं. बाळ दूध ओढेनासं झालं. हलवलं तरी नीट जागं होत नाही. मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, पूर्ण मिनिट मोजून. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते. अंगाला ताप, किंवा अंग गार. झटके. तळवे पिवळे. आणि आणखी एक खूण, जी तक्त्यांमध्ये शेवटी असते किंवा नसतेच.

सोसायटीतल्या एका मुलीनं मला संध्याकाळी फोन केला, बाळ तिसऱ्या आठवड्यातलं. "काकू, ताप नाही. रडतही नाहीये. पितो, पण अर्ध्यात सोडून देतो. मला नीट सांगता येत नाही, पण आज हा माझा नेहमीचा बाळ नाही." घरातले तिला समजावत होते की पहिलटकरणीला असं वाटतंच. मी लंगोटांचं विचारलं. तिनं मोजले होते, निम्मेच ओले झाले होते. मी म्हटलं, निघ. त्या रात्री रक्ताच्या तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. लवकर आल्यामुळे औषध लागू पडलं, इंजेक्शनांचा कोर्स पुरा करून बाळ घरी आलं. पुढे तिनं मला कागद दाखवायला आणले. केसपेपरवर तक्रारीच्या रकान्यात रात्रपाळीच्या डॉक्टरांनी पहिली ओळ तिचीच लिहिली होती, 'आईच्या मते बाळ नेहमीसारखं नाही', आणि तपासण्यांची यादी तिच्या खालून सुरू होत होती.